दोषाची शिस्त

ज्यांचा दिवस कचेरीत जातो त्यांचा दोषाशी संबंध नित्याचा असतो. हिशेबात चूक निघाली की ती दुरुस्त करावी, टिपणात उणीव राहिली की ते परत पाठवावे, पुलाच्या कामात तडा दिसला की ठेकेदाराचे बिल अडवून ठेवावे. दोष राहू द्यावा की काढावा, असा विचार करण्याची वेळच तेथे येत नाही. तो काढावयाचाच असतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या उमेदीची वर्षे याच शिस्तीत घालविली आहेत आणि तिचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही. तथापि माणसाच्या उद्योगांत एक प्रांत असा आहे की, तेथे दोष काढू पाहणारा मनुष्य कधी कधी त्या वस्तूचा प्राणच काढून टाकतो. दोष केव्हा काढावा, केव्हा राहू द्यावा, आणि राहू दिला तर त्याची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, नीतीचाही आहे. तो आम्ही येथे अशा एका उदाहरणावरून मांडू इच्छितो की, ज्याच्याकडे आपल्यातील बहुतेकांनी कपाळाला आठ्या घालूनच पाहिले आहे. ते उदाहरण म्हणजे पाश्चात्त्य रॉक संगीतातील विजेच्या गिटारचा तो फाटका, गुरगुरणारा स्वर.

हा स्वर वाचकांनी स्वतः होऊन नसला, तरी मुलांच्या खोलीच्या बंद दारातून ऐकलेला असेलच. तो वस्तुतः एकट्या गिटारचा नव्हे. विजेची गिटार नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसविलेले असते. तारेच्या कंपनाने त्या वेटोळ्यात विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर तो कित्येक पटींनी वाढवितो, आणि मग स्पीकरचा कागदी पडदा हवेला धक्के देऊ लागतो. म्हणजे हे वाद्य अर्धे वादकाच्या मांडीवर असते आणि अर्धे त्याच्या पाठीमागच्या पेटीत. रॉक संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका आज अभिजात मानल्या जातात, त्यांच्या कीर्तीतील मोठा वाटा या पेटीचा आहे.

ही पेटी करणाऱ्यांना मात्र तिने गुरगुरावे असे मुळीच वाटत नव्हते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर (१९०९–१९९१) हे या विद्येचे एक आद्य कारागीर. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. जे तारेवर वाजले तेच, स्वच्छ आणि मोठे होऊन, स्पीकरमधून यावे हा त्यांचा ध्यास होता. एका चांगल्या रेडिओ-कारागिराचा तो धर्मच होता. परंतु जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हचा एक स्वभाव आहे. त्याच्या कुवतीपेक्षा अधिक काम त्याच्याकडून घेतले की तो एकाएकी मोडत नाही, वाकतो. ध्वनिलहरींचे माथे त्याला पुरते उभारता येत नाहीत. ते हळूहळू दबून सपाट होतात. लहर अशी दबली की तिच्यात मूळ स्वराच्या जोडीला वरच्या सप्तकांतील अनेक स्वर उमटू लागतात. शिवाय तार विझत आली तरी दबलेल्या लहरीची उंची पुष्कळ वेळ तेवढीच राहते. म्हणून एरवी क्षणात मावळणारा छेडलेला स्वर सारंगीसारखा लांबत जातो. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ दोष होय. दिलेले जसेच्या तसे परत करणे हे ॲम्प्लिफायरचे काम, आणि तेच येथे बिघडलेले असते.

हा दोष प्रथम अपघाताने लोकांच्या कानी आला. १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरी सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणशाळेत 'रॉकेट ८८' या गाण्याचे मुद्रण झाले. गिटारवादक विली किझार्ट यांचा ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला होता. तो मोटारीवरून पडला असे कोणी सांगतात, पावसात भिजला असे कोणी सांगतात. स्पीकरचा पडदा फाटलेला होता. दुसरी पेटी आणविण्याऐवजी फिलिप्स यांनी फाटलेल्या जागी कागद कोंबून काम चालविले. निघालेला घरघरता स्वर त्यांना आवडला, आणि त्यांनी तो झाकला नाही. पुढे १९६० साली नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या वेळी ग्रेडी मार्टिन वाजवीत असलेल्या खर्जाच्या गिटारचा आवाज मुद्रणयंत्राच्या एका बिघडलेल्या भागामुळे चिरफाळला. तोही ठेवावा असे ठरले आणि १९६१ साली ते गाणे लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी बिघडलेला भाग फेकून न देता त्याचा अभ्यास केला आणि तोच बिघाड हुकमी उत्पन्न करणारी एक छोटी पेटी रचली. गिब्सन कंपनीने ती १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विक्रीस आणली, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्स यांच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याने तिचा आवाज जगभर नेला.

दरम्यान कोणी अपघाताची वाट पाहीनासे झाले होते. लिंक रे यांनी १९५८ च्या 'रंबल' या रचनेसाठी आपल्या स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. त्या रचनेत एकही शब्द नसताना अमेरिकेतील काही रेडिओ केंद्रांनी ती वाजविण्याचे नाकारले. स्वराला एवढी धास्ती मिळावी हेही एक प्रकारचे प्रशस्तिपत्रच. १९६४ साली लंडनच्या किंक्स या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस या किशोरवयीन मुलाने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला. 'यू रिअली गॉट मी' या गाण्यातील तो प्रसिद्ध स्वर त्या चिरलेल्या पडद्यातून आलेला आहे.

येथे विचारी मनुष्य थांबेल आणि विचारील: अपघाताने आलेला दोष पत्करणे समजू शकते, परंतु चांगली वस्तू मुद्दाम बिघडविणे यात कसला पुरुषार्थ? हा नुसता उच्छृंखलपणा नव्हे काय? आक्षेप वाजवी आहे. केवळ 'आम्हांस आवडले' एवढे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आवडीच्या नावाखाली जगात पुष्कळ बेशिस्त खपते. आमचे म्हणणे असे की, त्या स्वराचे खरे समर्थन त्याच्या गोडीत नसून, त्याने वादकाकडून काय मागितले यात आहे.

ते असे. व्हॉल्व्ह वाकलेला असताना दोन स्वर एकदम वाजविले, तर तो त्या दोहोंच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकवू लागतो. षड्ज-गंधाराची जोडी वाजवून पाहावी. गिटारच्या बांधीव पडद्यांवर गंधार नैसर्गिक प्रमाणात बसत नाही, म्हणून त्या बेरजा-वजाबाक्या बेसूर पडतात आणि सारा चिखल होतो. षड्ज-पंचम वाजविले तर मात्र निराळेच घडते. त्यांच्या कंपनांचे प्रमाण २ : ३. वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्ज; बेरीज ५, म्हणजे वरच्या सप्तकातील गंधार. छेडले दोनच स्वर, परंतु त्यांतून आधाराचा खर्ज आणि माथ्यावरचा गंधार आपोआप उभे राहतात. डेव्ह डेव्हिस यांनी चिरलेल्या पडद्यावर वाजविल्या त्या मुख्यतः अशा षड्ज-पंचमाच्याच जोड्या. पुढील रॉक संगीताचा फार मोठा भाग याच पायावर उभा राहिला. दोषाने एक दार बंद केले, सुलभ आणि गोड अशा भरगच्च स्वरमेळांची चैन हिरावून घेतली, आणि वादकाला थोडक्यात बोलण्याची शिस्त लावली. जो ही शिस्त न पाळता केवळ पडदा चिरतो, त्याच्या पदरी गोंगाटच पडतो.

आपल्याकडील जाणकारांस वरच्या परिच्छेदातील गंधार ओळखीचा वाटला असेल. तंबोऱ्यातून कोणी न छेडता उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच. मिरजेच्या कारागिरांनी ज्या कौशल्याने तंबोऱ्याची जवारी लावली, तिचे मर्म तरी दुसरे काय आहे? तार घोडीच्या काठावरून स्वच्छ न सुटता तिच्या रुंद पाठीवर किंचित घासावी अशी योजना असते, आणि तो घासण्याचा बिंदू नेमका साधण्यासाठी तारेखाली सुताचा दोरा सरकवितात. तार घोडीला घासणे हा बहुतेक वाद्यांत दोष मानला जातो. येथे तो दोष केसभर मापाने मोजून, रोज नव्याने जुळवून, सांभाळून ठेवलेला असतो. दोरा जरा इकडे सरकला तर आवाज मुका होतो, जरा तिकडे सरकला तर तार कर्कशते. दोष ठेवणे हे दोष काढण्याहून अधिक कष्टाचे असू शकते, ही गोष्ट ज्याने एकदा तरी तंबोरा जुळविला आहे त्याला सांगावी लागत नाही.

आता ज्यांच्या हाती नियम असतो त्यांच्याकडे वळू. कारण आमच्या वाचकांची जागा बहुधा तेथेच आहे. १९६६ साली लंडनच्या डेका कंपनीच्या मुद्रणशाळेत जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाची 'ब्लूज ब्रेकर्स' ही ध्वनिमुद्रिका तयार होत होती. एरिक क्लॅप्टन यांचे वय तेव्हा अवघे एकवीस. जिम मार्शल यांच्या ॲम्प्लिफायरवर जाहीर कार्यक्रमात वाजवितात तेवढ्याच मोठ्याने आपण वाजविणार, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळची मुद्रणशाळा ही एक कचेरीच होती. काटा तांबड्या रेघेपलीकडे जाता कामा नये, एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये, हे नियम अनुभवातून झालेले होते आणि योग्यच होते. निर्माते माइक व्हर्नन आणि ध्वनिमुद्रक गस डजन यांच्यापुढे पेच होता. आवाज कमी करण्याचा आदेश दिला असता तर कोणी त्यांना दोष दिला नसता. आणि हीच या पेचातील खरी अवघड बाजू आहे. नियम पाळून जे गमावले जाते त्याची नोंद कोठेच होत नसते. नियम सोडून जे बिघडते त्याची मात्र लेखी विचारणा होते. त्यांनी ते वादन तसेच मुद्रित होऊ दिले. ती ध्वनिमुद्रिका पुढे गिटारच्या स्वराचे एक परिमाण होऊन बसली.

याच्याशेजारी आम्ही आपल्याच इतिहासातील एक निर्णय ठेवतो. १९४० साली आकाशवाणीने, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने, हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून बंदी केली, आणि ती अंशतः तरी उठण्यास १९७१ साल उजाडावे लागले. बंदी घालणारे अरसिक नव्हते. हार्मोनियमचे स्वर बांधीव, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतींची सूक्ष्मता ती दाखवू शकत नाही. त्यांनी दाखविलेला दोष खराच होता. परंतु ज्या वाद्याने महाराष्ट्रातील नाट्यसंगीत आणि मैफल यांना आधार दिला, ज्यावर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचले, त्याच्या वादकांनी त्या दोषाबरोबर कोणती शिस्त अंगी बाणविली होती, हे पाहावयाचे राहून गेले. उत्तम साथीदार गायकाच्या मींडेच्या आड येत नाही. कोठे थांबावे आणि कोठे केवळ सूर धरून राहावे हे त्याला वाद्याच्या उणिवेनेच शिकविलेले असते. अधिकाऱ्याने दोष बरोबर ओळखला. दोषाशी झुंजणारा हात ओळखला नाही. दुर्दैवाने फाईलवर पहिला दिसतो, दुसरा दिसत नाही.

म्हणजे आमची कसोटी अशी होते. जो दोष आपल्याबरोबर नवी शिस्त आणतो आणि जो पत्करणारा मनुष्य ती शिस्त खरोखर पाळतो, तो दोष राहू द्यावा. जो दोष केवळ सूट मागतो, तो काढावा. या कसोटीला एक मर्यादाही जोडली पाहिजे: दोषाची किंमत पत्करणाऱ्याने स्वतः द्यावी. डेव्हिस यांनी पात्याने चिरला तो स्वतःचा पडदा. पुलाच्या तड्यातून कसलेही काव्य उत्पन्न झाले तरी त्यावरून जाणाऱ्यांचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. रॉक संगीतही या हिशेबातून सुटलेले नाही. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केल्याने आपल्या कानांची हानी झाली, असे पीट टाउनशेंड यांनी स्वतःच उघडपणे सांगितले आहे. वादकाने आपले कान पणाला लावणे एक. श्रोत्यांचे, विशेषतः ज्यांना ठाऊकच नाही अशा कोवळ्या श्रोत्यांचे कान पणाला लावणे निराळे. तेथे काट्याकडे पाहणारा अधिकारीच बरोबर ठरतो.

आज या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला आहे. १९९० नंतरच्या काळात अशी यंत्रे निघाली की, ती जुन्या पेट्यांचा स्वर गणिताने उभा करतात. २०११ साली जर्मनीतून आलेले केम्पर यांचे यंत्र तर एखाद्या ॲम्प्लिफायरला चाचणीचे ध्वनी ऐकवून त्याच्या स्वभावाची नोंद घेते आणि मग त्याच्याप्रमाणे बोलू लागते. कोणताही व्हॉल्व्ह तापत नाही, कोणताही पडदा फाटत नाही, शेजारी झोपमोड झाल्याची तक्रार करीत नाही. मुलगा कानाला यंत्र लावून मध्यरात्री १९६६ सालचा स्वर वाजवू शकतो. जेथे श्रम नाहीत तेथे श्रमाचा आवाज काढणे हे असत्य नव्हे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. आणि बदलीच्या गावी सरकारी क्वार्टरात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करणाऱ्या मुलांचे पालकही तसे म्हणणार नाहीत. नक्कल म्हणजे खोटेपणाच असता, तर जिम मार्शल यांची पेटीच खोटी ठरली असती. लंडनच्या हॅनवेल भागात ते ढोलांचे दुकान चालवीत. गिऱ्हाइकांच्या मागणीवरून त्यांच्याकडील केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२ च्या सुमारास जी पहिली पेटी रचली, तिचा आराखडा फेंडर यांच्या 'बासमन' या पेटीवरून घेतलेला होता. परंतु इंग्लंडात जे सुटे भाग, जे ट्रान्सफॉर्मर आणि जे स्पीकर मिळाले त्यांवर त्यांनी ती बांधली, आणि कॅलिफोर्नियाचा स्वर लंडनला येऊन निराळाच झाला. तेथे नकलेने स्वतःची जबाबदारी घेतली. गणिती यंत्र वाजविणाऱ्यालाही तोच मार्ग मोकळा आहे. यंत्र त्याला फाटलेला स्वर देईल. दोनच स्वरांत बोलण्याचा संयम, नखाच्या दाबातील फरक, केव्हा थांबावे याची जाण यांतले काहीही देणार नाही. फसवणूक होते ती जेव्हा मनुष्य शिस्तीवाचून फळ मागतो तेव्हा. ती फसवणूक जुनी, महागडी, अस्सल पेटी विकत घेऊनही करता येते, आणि पुष्कळ हौशी धनिक ती करीत आले आहेत.

मार्शल यांच्या पेटीची ही हकीकत आम्हां परमुलखात राहणाऱ्यांस विशेष जवळची वाटावी. आपल्या घरांतून जी मराठी बोलली जाते तिच्यावर इंदूरला हिंदीची, बडोद्याला गुजरातीची छटा चढलेली असते. तंजावरच्या मराठीने तर काही शतकांत आपला निराळाच घाट घेतला. सुटीत पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलांच्या बोलण्याला आप्तेष्ट हसतात आणि आई-बाप ओशाळतात. ही अशुद्धता काढावी की राहू द्यावी? आमची कसोटी येथेही तीच. आळसाने मराठी शब्द आठवेनासा झाला म्हणून जवळचा परका शब्द उचलला असेल, तर तो दोष सूट मागणारा आहे. तो निष्ठुरपणे काढावा. परंतु इंदूरच्या मुलाने मराठी वाचून, लिहून, चारचौघांत जबाबदारीने बोलून जर तिला माळव्याचा एखादा हेल दिला असेल, तर हॅनवेलच्या पेटीप्रमाणे तो त्या भाषेचाच एक नवा स्वर समजावा. हेल हसण्यावारी नेणाऱ्याने आधी त्यामागचे वाचन किती आहे ते विचारावे.

दोष काढणे हे बहुतेक वेळा योग्यच असते, आणि उद्या कचेरीत गेल्यावर हिशेबातील चूक कोणी कलेच्या नावाखाली राहू देऊ नये. आमचा आग्रह एवढाच की, तांबडी रेघ ओलांडणारा काटा दिसला म्हणजे खटका दाबण्यापूर्वी क्षणभर ऐकावे. वाजविणारा हात आपल्या दोषाशी झुंजत आहे की त्याच्या आड लपत आहे, हे काट्यावरून कळत नाही. ते ऐकण्यासाठीच तेथे माणूस बसविलेला असतो.